लेकरू पोटात असल्यापासून ते लातूरला शिकायला जाईपर्यंत: मराठवाड्यातल्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंगणवाडीच्या ओट्यावर, आठवडी बाजारात, लग्नाच्या मांडवात बाया एकमेकींना जे विचारतात, ते प्रश्न इथं घेतले आहेत. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेलं पाळायचं की डॉक्टरांचं, असा पेच बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी असतो. माझं मोजमाप साधं आहे: ज्या रीतीमुळे आईच्या ताटात चार घास जास्त पडतात आणि तिच्या अंगाला आराम मिळतो, ती रीत आनंदानं पाळावी. जी रीत तिचं खाणं, पाणी किंवा उपचार तोडते, ती सोडून द्यावी, मग ती कितीही जुनी असो.

दिवस गेलेत हे कळलं. आता आधी काय करायचं?

आशाताईंना सांगा आणि बारा आठवड्यांच्या आत उपकेंद्रात नाव नोंदवा. तिथं माता व बाल संरक्षण कार्ड मिळतं. हे कार्ड रेशन कार्डाइतकं जपा, पुढची कैक वर्षं ते लागणार आहे. पहिल्या तीन महिन्यांत फॉलिक ॲसिडची गोळी रोज घ्यायची असते, कारण बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा याच काळात घडतो. "तीन महिने कुणाला सांगू नये" या रीतीपायी बऱ्याच जणींचा हा काळ गोळीविनाच जातो. गावाला सांगू नका, पण आशाताईंना सांगा.

रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, लघवी, एचआयव्ही आणि रक्तदाब या तपासण्या सरकारी दवाखान्यात मोफत होतात. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून तपासणी होते. कॅलेंडरवर ९ ला खूण करून ठेवा आणि त्या दिवशी नवऱ्यानं सोबत जावं.

लोहाच्या गोळ्यांनी मळमळतं, संडास काळी होते. बंद केल्या तर चालेल का?

नाही. संडास काळी होणं हे गोळीतल्या लोहामुळेच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बाळ काळं जन्मतं हे तर साफ खोटं आहे.

गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की तो रक्तक्षय धरतात, ७ च्या खाली गेलं की तो गंभीर. आपल्याकडे मुळातच कमी रक्त असलेली पोरगी लग्न होऊन येते, वर्षभरात दिवस जातात आणि बाळंतपणात रक्तस्राव झाला की तिच्या अंगात सोसायला काही उरत नाही. म्हणून चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज एक गोळी, आणि बाळंतपणानंतरही १८० दिवस. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. चहाच्या आधी-नंतर तासभर गोळी नको, चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबू, आवळा, पेरू सोबत असेल तर उलट जास्त लागू पडतं. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, निदान दोन तासांच्या अंतरानं. एवढं करूनही रक्त वाढत नसेल, तर शिरेतून लोह देण्याची सोय मोठ्या सरकारी दवाखान्यांत असते. तसं स्पष्ट विचारा.

सासूबाई म्हणतात, जास्त खाल्लं तर बाळ मोठं होतं आणि बाळंतपण अडतं. खरं का?

त्यांच्या काळी जवळ दवाखाना नव्हता, अडलेली बाई बैलगाडीतच जायची. ती भीती त्यांच्या मनात घर करून आहे, म्हणून त्या तसं म्हणतात. पण कमी खाल्ल्यानं बाळंतपण सोपं होत नाही. बाळ अडीच किलोच्या आत जन्मतं, दूध ओढत नाही, थंड पडतं, वरचेवर आजारी पडतं. निरोगी बाईचं वजन नऊ महिन्यांत साधारण दहा-बारा किलो वाढलं पाहिजे.

महागाचं काही आणायची गरज नाही. ज्वारीची भाकर, घट्ट वरण, शेंगदाण्याची चटणी, मेथी-शेपू-चुका, मटकी, दही, चालत असेल तर अंडं. एका बैठकीत जात नसेल तर दिवसातून पाच वेळा थोडं थोडं. पिकलेली पपई खाल्ल्यानं काही होत नाही.

माझा खरा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे. बहुतेक घरांत सून सगळ्यांत शेवटी जेवते आणि तोवर वरणाच्या पातेल्यात फक्त पाणी उरलेलं असतं. गरोदर बाईनं पहिल्या पंगतीला बसावं, हे घरातल्या कर्त्या माणसानं एकदा मोठ्यानं म्हटलं, की कुणाची वेगळी परवानगी लागत नाही. डोहाळजेवणाला पाच भाज्या करतो, तेवढी माया रोजच्या ताटात का नसावी?

ग्रहणात भाजी चिरली तर बाळाचा ओठ फाटतो का?

नाही. ओठ आणि टाळू गरोदरपणाच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांतच जुळून येतात आणि ते न जुळण्याचा ग्रहणाशी काही संबंध नाही. ग्रहणभर गरोदर बाईला उपाशी, तहानलेली आणि एका जागी बसवून ठेवणं मात्र घातक आहे. ज्या बाळाचा ओठ फाटलेला आहे, त्याच्या आईला दोष देऊ नका. शस्त्रक्रियेनं तो नीट होतो.

दिवाळीनंतर ऊसतोडीची टोळी निघणार आहे आणि मला सहावा लागलाय. जाऊ का?

बीड, धाराशिव, परभणी, जालना भागातल्या शेकडो गावांतला हा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे पैसे आगाऊ, घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी, धरला जातो, त्यामुळे बाई मागं राहिली की कोयता मोडतो. खाडा झाला की पैसे कापतात. हे सगळं ठाऊक असूनही सांगते: सहाव्या महिन्यानंतर उसाच्या फडावर जाऊ नये. पहाटेपासून वाकून तोडणी, डोक्यावर मोळी घेऊन गाडीच्या फळीवर चढणं, कमी पाणी, कमी झोप, यानं बाळंतपण दिवसांआधीच होण्याचा धोका असतो. म्हणून ठरवायचं ते उचल घेण्याआधी. दिवस गेलेत हे माहीत असेल तर त्या हंगामापुरता दीर-जाऊ, भाऊ यांच्यासोबत कोयता जोडता येतो का, हे पोळ्याच्या आसपासच बोलून घ्या.

जावंच लागलं तर कार्ड आणि सगळ्या गोळ्या सोबत न्या. सांगली, कोल्हापूर, सातारा किंवा कर्नाटकात जिथं कोपी (पाचटाची झोपडी) पडेल, तिथल्या आशाताईंना पहिल्याच आठवड्यात गाठा. लस, तपासणी आणि बाळंतपण यांसाठी "तुम्ही इथल्या नाहीत" असं सांगून सरकारी दवाखाना परत पाठवू शकत नाही. जवळचं बाळंतपणाचं केंद्र कुठं आहे आणि रात्री कोणती गाडी मिळेल, हे मुकादमाला विचारून ठेवा. मोळी वाहायचं काम नवऱ्यानं करावं. लघवी दाबून ठेवू नका, आडोसा नाही म्हणून पाणी कमी पिऊ नका. त्यानं लघवीला जंतुसंसर्ग होतो आणि तो गरोदरपणात महागात पडतो.

फडावरच्या बायांना अंगावरून पांढरं जातं, कंबर धरते, आणि तेवढ्यावर "पिशवी काढून टाका" असं सांगितलं जातं. बीड जिल्ह्यात हे इतकं वाढलं होतं की २०१९ मध्ये शासनानं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. असा सल्ला मिळाला तर सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

आणि शाळेत जाणारी लेकरं? त्यांना सोबत नेलं की त्यांचं अर्धं वर्ष बुडतं. हंगामी वसतिगृहाची सोय गावातल्या शाळेतच असते, त्यात लेकरू आजी-आजोबांपाशी राहून शाळा करतं. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहंही आहेत. मुख्याध्यापकांना निघायच्या आधी भेटा.

पोटात मुलगा आहे की मुलगी, हे कुठं कळतं?

कुठंही विचारू नका. सांगणारा आणि विचारायला लावणारा, दोघंही १९९४ च्या कायद्यानं गुन्हेगार आहेत. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं बीड जिल्ह्यात जेमतेम आठशे मुली उरल्या होत्या, अख्ख्या राज्यात सर्वांत कमी. आज त्याच पट्ट्यात पोरांना लग्नाला मुली मिळत नाहीत म्हणून आईबाप गावोगाव फिरतायत. मुलगा होणार की मुलगी, हे बापाकडून येणाऱ्या बीजावर ठरतं. सुनेला यावरून बोलणं हा अन्याय आहे.

कोणत्या त्रासाला सकाळची वाट पाहायची नाही?

अंगावरून रक्त जाणं. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढं अंधारी, तोंड आणि हात सुजणं: रक्तदाब वाढल्याची ही खूण, यातून झटके येतात. बाळाची हालचाल कमी होणं. कळा नसताना पाणी जाणं. ताप. यातलं काहीही दिसलं की १०८ ला फोन लावा. गरोदर बाई आणि बाळंतिणीला नेण्या-आणण्यासाठी १०२ ची गाडी मोफत आहे.

पुढं पाठवलं तर कुठं जायचं, हे आठव्या महिन्यातच घरात ठरवून ठेवा. संभाजीनगर-जालन्याकडचे लोक संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात जातात, बीडच्या पूर्वेकडचे अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात, नांदेडचे विष्णुपुरीच्या सरकारी रुग्णालयात. रक्त द्यायला कोण येईल, त्या दोन माणसांचे नंबर नवऱ्याच्या फोनमध्ये असू द्या.

सरकारी दवाखान्यात बाळंतपणाला पैसे लागतात का? मिळतात का?

लागत नाहीत. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात साधं बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, तपासण्या, दवाखान्यातलं जेवण आणि गाडी मोफत आहे. आजारी बाळावरचे उपचारही वर्षाचं होईपर्यंत मोफत आहेत. दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातीच्या ग्रामीण मातेला जननी सुरक्षा योजनेचे ७०० रुपये मिळतात. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र मातेला पहिल्या बाळासाठी दोन हप्त्यांत ५००० रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६००० रुपये मिळतात. खातं आईच्या नावाचं आणि आधारशी जोडलेलं हवं. बहुतेक हप्ते इथंच अडतात, म्हणून बँकेचं काम पाचव्या महिन्यातच उरकून घ्या.

बाळंतपण माहेरी की सासरी?

जिथून दवाखाना जवळ आहे आणि जिथं तिला झोप मिळेल, तिथं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत मला मनापासून आवडते, कारण तिथं मुलगी "मला दुखतंय" असं मोकळेपणानं म्हणू शकते. फक्त सातव्या-आठव्या महिन्यात जाताना कार्ड न्या आणि माहेरच्या आशाताईंकडं नोंद करा. नवव्यात एसटीच्या मागच्या बाकावर बसून खड्ड्यांतून प्रवास नको.

पहिलं पिवळं दूध पिळून टाकतात. बाळाला मध चाटवतात. तुमचं काय म्हणणं?

तो चीक म्हणजे बाळाची पहिली लस. जन्मल्यावर तासाभरात बाळ छातीला लावा, सिझर झालं असेल तरी. गाई-म्हशीचा खरवस आपण आवडीनं खातो, मग स्वतःच्या लेकराचा चीक का टाकायचा? मध एक वर्षापर्यंत अजिबात नको. त्यातल्या जंतूंचं विष लहान बाळाचे स्नायू लुळे करू शकतं. साखरपाणी, गाढवीचं दूध यातलंही काही नको. पहिली आंघोळ निदान एक दिवसानंतर घाला, तोवर पुसून, टोपी-मोजे घालून आईच्या उघड्या छातीशी धरा.

बाळंतिणीला शेगडी, बंद खोली, कमी पाणी. हे पाळायचं का?

यातलं थोडं सोन्यासारखं आहे आणि थोडं जिवावर बेतणारं. सव्वा महिना तिला चुलीपाशी जाऊ न देणं, अंगाला तेल लावून गरम पाण्यानं शेकणं, डिंकाचे आणि हळिवाचे लाडू, खारीक-खोबरं, बाळंतशोपा: हे सगळं करा, हौसेनं करा. ज्या घरात आता "दवाखान्यातून आली, झालं, लागा कामाला" म्हणतात, तिथं तर ही रीत परत आणायला हवी.

पण खिडकी-दार लावून बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवू नका. त्यातून निघणाऱ्या वायूला वास नसतो, मायलेकरं झोपेतच दगावतात. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत धुरी देणं म्हणजे बाळाला भाजण्यासारखंच आहे. "पाणी प्यायलं तर पोट सुटतं" म्हणून बाळंतिणीला घोटभर पाण्यावर ठेवतात, त्यानं दूध आटतं, बद्धकोष्ठ होतो, लघवी जळजळते. दूध पाजणाऱ्या बाईला तहान लागेल तेवढं पाणी द्या. नुसत्या भात-तुपावर पंधरा दिवस ठेवणंही चूक. वरण, भाज्या, अंडं पहिल्या दिवसापासून चालतं. ताप आला, घाण वास येणारा स्राव गेला किंवा तासाभरात कपडा भिजून बदलावा लागला, तर तो "बाळंतवात" म्हणून घरात ठेवू नका. ताबडतोब दवाखाना.

उन्हाळा ४२ च्या वर गेलाय. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला चमचाभर तरी पाणी द्यावं की नाही?

देऊ नये. आईच्या दुधात जवळजवळ ८८ टक्के पाणीच असतं. उन्हात दोन वेळा जास्त पाजा, बस. वरच्या पाण्यानं पोट भरतं, दूध कमी ओढलं जातं आणि टँकरच्या पाण्यातून जुलाब लागतात. खोलीत हवा खेळू द्या, सुती झबलं घाला, दुपारी बाळ घेऊन बाहेर पडू नका.

दूध पुरतं की नाही, कसं ओळखायचं?

चोवीस तासांत सहा वेळा तरी लघवी आणि दर महिन्याला वजनात वाढ. बाळ रडतं म्हणजे भुकेलंच आहे असं नाही. पावडरच्या डब्याकडं वळण्याआधी आशाताईंना पाजताना बघायला सांगा. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी त्या दीड महिन्यात सहा वेळा येतात, ते यासाठीच. बाळ दूध ओढेना, अंग थंड पडलं, श्वास मिनिटाला ६० च्या वर गेला, छाती आत ओढली जाते किंवा तळहात-तळपाय पिवळे पडले, तर तिथं एक तासही घालवू नका.

गुटी, काजळ, टाळूला तेल?

सहा महिन्यांपर्यंत गुटी नको, सहाण आणि पाणी स्वच्छ राहत नाही. डोळ्यांत काजळ, कानात-नाकात तेल नको. अंगाला हलक्या हातानं मालिश जरूर करा. नाळेला हळद, राख, शेण काहीही लावू नका. तीट गालावर लावा, कुणाचं काही बिघडत नाही. पाचवीला सटवाई पूजा, बाराव्याला पाळणा म्हणा. फक्त त्या गर्दीत बाळाचे मुके घेऊ देऊ नका.

बाळंतीण सारखी रडते, बाळाला घ्यायला नको म्हणते. बाहेरचं झालंय का?

बाहेरचं काही नाही. पहिल्या आठवड्यात मन भरून येणं बहुतेकींना होतं आणि ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही झोप नाही, जेवण नाही, "मी गेले तर बरं" असं बोलणं, हा आजार आहे आणि त्याला उपचार आहे. मुलगी झाली म्हणून घरानं तोंड फिरवलं असेल, तर तो आजार अधिकच खोल जातो. अंगारे-धुपाऱ्यात दिवस घालवू नका. तिला एकटी ठेवू नका, रात्रीचं एक जागरण नवऱ्यानं किंवा सासूनं घ्यावं, आणि टेलिमानस या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी सेवेच्या १४४१६ या नंबरवर मोफत बोला. मराठीतून बोलता येतं. बाळाला किंवा स्वतःला इजा करण्याचं ती बोलली तर त्याच क्षणी दवाखान्यात न्या.

लस दिल्यावर ताप येतो, म्हणून घरचे पुढची देऊ देत नाहीत.

ताप एक-दोन दिवसांत जातो, अंग लस ओळखतंय याची ती खूण आहे. जन्मतः बीसीजी, पोलिओ आणि कावीळ-ब. मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी. नऊ महिने झाले की गोवर-रुबेला आणि 'अ' जीवनसत्त्व, दीड वर्षाच्या सुमारास दुसरा डोस. पुढं पाच, दहा आणि सोळा वर्षांनाही आहेत, त्या मात्र सर्रास विसरल्या जातात. एखादी चुकली तर पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलेली द्यायची. फडावर असाल तरी तिथल्या लसीकरणाच्या दिवशी कार्ड घेऊन जा. इंजेक्शनच्या जागी शेकू नका, काही चोळू नका.

उष्टावण झालं. आता काय भरवायचं? डाळीचं पाणी देतोय.

डाळीच्या पाण्यात डाळ नसते, इथंच आपली लेकरं वाळतात. सहा महिन्यांचं बाळ रडू नये म्हणून त्याला वरचं पाणी पाजत राहतात आणि दीड वर्षाचं झालं तरी ते बिस्किट-चहावरच असतं. घास चमच्यावरून ओघळणार नाही इतका घट्ट हवा. ताजी ज्वारीची भाकर कुस्करून घट्ट वरणात किंवा दुधात भिजवा, वर चमचाभर तूप किंवा तेल. मुगाची खिचडी, नाचणीची खीर, मऊ उकडलेला बटाटा-रताळं, कुस्करलेलं केळं, शेंगदाण्याचं बारीक कूट, उकडलेलं अंडं. अख्खा शेंगदाणा किंवा हरभरा मात्र पाच वर्षांपर्यंत हातात देऊ नका, श्वासनलिकेत अडकतो.

सुरुवातीला दिवसातून दोन-तीन वेळा, नऊ महिन्यांपासून तीन-चार वेळा, आणि सोबत आईचं दूध दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहून पुढंही. बाळाची वाटी वेगळी ठेवा, तरच ते किती खातं हे कळतं. अंगणवाडीतून घरी मिळणारा आहार जनावरांना जातो असं पाहिलंय. तो बाळाच्या वाट्याचा आहे. अंगणवाडीताई दंडाला पट्टी लावतात, सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड ११.५ सेंटिमीटरच्या आत भरला तर ते तीव्र कुपोषण असतं. त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करायला लाजू नका. तिथं आईलाही राहता येतं.

जुलाब लागले की खाणं बंद करायचं का?

बंद करू नका. दूध, खिचडी, भात-ताक चालू ठेवा. ओआरएसची एक पुडी उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात, आणि ते पाणी चोवीस तासांत संपवा. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, वाटीनं, घोट घोट. झिंकची गोळी १४ दिवस द्यायची असते. जुलाब थांबले तरी ती पूर्ण करा. डोळे खोल गेले, बाळ सुस्त झालं, लघवी थांबली किंवा शौचात रक्त दिसलं तर दवाखाना.

आपल्याकडे आठ-आठ दिवसांनी नळ येतो. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तेव्हा पाणी साठवू नका असं कुणी सांगू शकत नाही. पण रांजण झाकलेला हवा, पाणी ओगराळ्यानं घ्या, हात बुडवून नको. आणि आठवड्यातून एकदा टिपाड रिकामं करून घासा, डेंग्यूचा डास त्या स्वच्छ पाण्यातच वाढतो.

अंगणात विंचू चावला तर?

मांत्रिकाकडं नेऊ नका, दोरी बांधू नका, चिरा देऊ नका. मोठ्या माणसाला बहुतेकदा नुसत्या वेदना होतात, पण लाल विंचवाचं विष लहान मुलाच्या हृदयावर जातं. घाम सुटणं, उलटी, हातपाय गार पडणं ही धोक्याची खूण. यावर प्राझोसिन नावाची साधी, स्वस्त गोळी काम करते. ही उपचारपद्धती महाडमध्ये रुग्णांवर वापरून जगापुढं मांडणारे डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे आपल्या जालना जिल्ह्यातले. मुलाला न चालवता लगेच आरोग्य केंद्रात न्या. सापाचंही तेच, विष उतरवणारी लस सरकारी दवाखान्यात मिळते. सरपणात हात घालायचं काम लेकरांना सांगू नका, आणि बूट झटकून घालायची सवय लावा.

मोबाइल दिल्याशिवाय जेवत नाही.

दोन वर्षांच्या आत मोबाइल नकोच, दोन ते पाच वर्षांत फार तर दिवसाला एक तास. चार दिवस रडेल, घरातल्या सगळ्यांनी एकच धरून ठेवलं तर पाचव्या दिवशी ताटाकडं बघेल. आजी कणीक तिंबत असेल तर तिच्या परातीपाशी बसवा. बोलायला उशीर लागलेली कैक लेकरं दिवसभर पडद्यासमोर असतात, त्यांच्याशी कुणी बोलतच नाही. दीड वर्षाचं लेकरू एकही शब्द बोलत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, तर "बापही उशिरा बोलला होता" म्हणून थांबू नका. आधी कान तपासा.

बाप मारतो, म्हणतो त्याशिवाय वळण लागत नाही.

मारल्यानं लेकरू गप्प होतं आणि लपवायला शिकतं. बापानं रोज संध्याकाळी त्याला सोबत घेऊन जनावरांना पाणी पाजावं, दुकानात न्यावं. जो माणूस सोबत असतो, त्याचंच लेकरू ऐकतं.

दुसरं लेकरू कधी? ऑपरेशन कुणी करायचं?

पहिल्याला निदान दोन वर्षं होऊ द्या, मग पुढचा विचार. तोवर तांबी आहे, बाळंतपणानंतर लगेच बसवता येते आणि दहा वर्षं चालणाऱ्या प्रकारातली मोफत मिळते. तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शनही मोफत आहे. कुटुंब पूर्ण झालं असेल तर पुरुषाची नसबंदी बाईच्या ऑपरेशनहून सोपी, टाक्याविना होते आणि त्यानं ताकद जात नाही. नऊ महिने तिनं सोसले, एवढं एक नवऱ्यानं करावं असं माझं ठाम मत आहे.

जन्माचा दाखला आणि मुलीची योजना?

२१ दिवसांच्या आत नोंद मोफत होते. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळेपासून पुढं जन्मतारखेसाठी हाच दाखला धरला जातो, म्हणून नावाची अक्षरं तपासून घ्या. पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड असेल आणि मुलगी १ एप्रिल २०२३ नंतरची असेल, तर लेक लाडकी योजनेत जन्म, पहिली, सहावी, अकरावी असे टप्प्यांनी पैसे मिळून १८ व्या वर्षापर्यंत एकूण १ लाख १ हजार रुपये होतात. अर्ज अंगणवाडीताईंकडं.

पोरगी पंधराची झाली. आम्ही फडावर जातो, तिला कुणाच्या भरवशावर ठेवणार? स्थळही चांगलं आलंय.

ही काळजी खरी आहे, तिला हसू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत बालविवाहाच्या बाबतीत परभणी आणि बीड राज्यात सर्वांत वर होते, आणि त्यामागं बऱ्याच अंशी हीच काळजी आहे. पण लग्नानं पोरगी सुरक्षित होत नाही. सोळाव्या वर्षी दिवस जातात, अंगात रक्त नसतं, आणि मग या पानाच्या सुरुवातीचे सगळे प्रश्न दुप्पट कठीण होऊन परत येतात. २००६ च्या कायद्यानं मुलीला १८ आणि मुलाला २१ पूर्ण हवीत. लग्न लावणारे, भटजी, मांडवात बसलेले नातेवाईक, सगळ्यांवर गुन्हा होतो. गावात ग्रामसेवकाकडं तक्रार करता येते, लेकरांच्या मदतीसाठीच्या १०९८ या नंबरवर नाव न सांगताही.

तिला ठेवायची जागा म्हणजे मुलींचं वसतिगृह. बारावीपर्यंत एसटीचा पास मुलींना मोफत आहे. २०२४-२५ पासून कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर पात्र प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्कही माफ आहे. हे आकडे नवऱ्यापुढं, सासऱ्यापुढं मांडा. पुष्कळ बाप "परवडत नाही" एवढ्यावरच अडलेले असतात.

यंदा सोयाबीन गेलं, घरात कर्जाचं बोलणं चालतं. लेकरांना काय सांगावं?

खरं सांगा, त्यांच्या वयाला झेपेल तेवढं. "यंदा पैसा कमी आहे, दिवाळीला नवे कपडे नाहीत, पण शाळा बंद होणार नाही." लेकरांना न सांगता कळतंच, आणि मग ती आपल्यामुळेच झालं असं धरून बसतात. घरातला माणूस गप्प गप्प राहायला लागला, झोप उडाली, कशातच मन नाही, तर १४४१६ त्याच्यासाठीही आहे. कीटकनाशकाचे डबे घरात नको, कुलपात ठेवा. ज्या घरातला बाप किंवा आई गेली, तिथल्या मुलांना बालसंगोपन योजनेतून महिन्याला २२५० रुपये मिळू शकतात. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात अर्ज करा.

दहावीनंतर लातूरला पाठवायचं म्हणतोय. क्लास सातवीपासूनच लावावा का?

नको. केंद्र शासनाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे १६ वर्षांखालच्या मुलांना कोचिंग क्लासनं घेऊच नये. सातवीत त्याला मराठी आणि इंग्रजी नीट वाचता येणं, अपूर्णांक आणि टक्केवारी पक्की असणं महत्त्वाचं.

लातूर पॅटर्ननं, म्हणजे तिथल्या अकरावी-बारावीच्या कसून तयारीनं, मराठवाड्यातल्या साध्या घरांतले शेकडो डॉक्टर घडवले, त्याचा मलाही अभिमान आहे. पण पाठवण्याआधी तीन रात्री तरी मुलाशी बोला: त्याला जायचंय का, की मामाचा पोरगा गेला म्हणून तुम्ही पाठवताय? शेत गहाण टाकून पाठवणार असाल तर ते त्याच्या कानावर रोज घालू नका. खोली बघताना खिडकी आणि पाणी बघा, मेसमध्ये स्वतः एकदा जेवा. फोनवर पहिला प्रश्न टेस्टच्या मार्कांचा नको, जेवलास का हा असू द्या. महिन्यातून एकदा धपाटे-चटणी घेऊन आई किंवा बाप जाऊन यावा. फोन उचलेना, घरी यायचं टाळतो, रात्ररात्र जागतो असं दिसलं तर त्याच दिवशी एसटी धरा, आणि गरज पडली तर एक वर्ष सोडून त्याला घरी आणा. डॉक्टरकीच्या प्रवेशाची 'नीट' परीक्षा पुढच्या वर्षीही देता येते.